ताट तेच, मांडणी वेगळी

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन तेव्हा ६१ किलो. साताऱ्यात आमच्या ओळखीपाळखीत पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढ्या वजनावर कुणी जाड म्हणत नाही. 'अंगानं बरी आहे' म्हणतात. घर शाकाहारी, दारू कधी उंबऱ्याच्या आत आली नाही, हॉटेलचं खाणं वर्षाकाठी मोजकं. पित्ताशयात खडा असेल या शंकेनं डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. पित्ताशय स्वच्छ निघालं, पण रिपोर्टच्या तळाशी 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' अशी ओळ होती.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. यकृताची आकृती फळ्यावर इतक्या वर्गांसाठी काढली आहे की डोळे मिटूनही काढता येईल. तरी या आजाराची खरी ओळख मला त्या रिपोर्टनंतरच झाली. स्टाफरूममध्ये विषय काढला तर कितीतरी जणांच्या फायलीत हीच ओळ निघाली, आणि जवळजवळ प्रत्येकाला एकच सल्ला मिळालेला: 'हे हल्ली सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी खा.' हा सल्ला फार अपुरा आहे. आपल्या घरांत हा आजार मुख्यतः तेलाच्या कढईतून येत नाही, ज्याला आपण साधं जेवण म्हणतो त्यातून येतो. आणि त्याच ताटाची मांडणी बदलली तर तो परतही जातो. हे मी स्वतःच्या शरीरावर पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

यकृत हा बरगड्यांच्या आड उजव्या कुशीत बसलेला साधारण दीड किलोचा अवयव. त्यातल्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. साध्या सोनोग्राफीत ही चरबी नीट दिसते ती तिचं प्रमाण वीस-तीस टक्क्यांच्या घरात गेल्यावर. म्हणजे रिपोर्टवर ओळ उमटते तोवर साठवण बरीच झालेली असते. आणि दुखत काहीच नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाही. फार तर कुशीत जडपणा वाटतो, थकवा येतो, आणि थकवा तर या वयातल्या प्रत्येक बाईला असतोच, असं आपण धरून चालतो.

'लिव्हरचा आजार' म्हटलं की समोरच्याच्या मनात पहिली दारू येते. माझ्या एका सहकाऱ्यानं तर हा रिपोर्ट सासरच्यांपासून लपवून ठेवला होता. पण दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही हुबेहूब तसेच बदल होतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग यांनी १९८० सालीच २० रुग्णांचा अभ्यास करून मांडलं होतं. त्यांतले बरेच रुग्ण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर ही ओळ दिसली तर त्याच्या चारित्र्याकडे न बघता त्याच्या कमरेच्या घेराकडे बघावं.

ही चरबी येते कुठून? मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये याचा माग काढला. रुग्णांना खुणेचे अणू असलेलं अन्न देऊन, नंतर यकृतातली चरबी तपासून त्यांनी हिशेब मांडला. त्यातली सुमारे ५९ टक्के चरबी शरीरात आधीच साठलेल्या मेदातून रक्तावाटे आलेली होती, २६ टक्के यकृतानं स्वतःच साखरेसारख्या पदार्थांपासून नव्यानं तयार केलेली होती, आणि खाल्लेल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्के. 'तेलकट कमी खा' हा सल्ला या शेवटच्या १५ टक्क्यांपुरताच बोलतो.

यकृत ही शरीराची कोठीची खोली आहे असं समजा. जेवणातून आलेली साखर तिथे ग्लायकोजेनच्या रूपात रचून ठेवली जाते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात हळूहळू बाहेर काढली जाते. पण ही जागा थोडी आहे. ती भरल्यावर येणाऱ्या मालाची चरबी करावी लागते. शिवाय आपली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र यकृतालाच निस्तरावा लागतो, आणि त्यातून चरबी पटकन तयार होते. त्यातच पोटाभोवती मेद वाढला की इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. एरवी इन्सुलिनचा हुकूम आला की मेदपेशी आपली चरबी धरून ठेवतात. तो हुकूम चालेनासा झाला की त्या रात्रंदिवस चरबी रक्तात सोडत राहतात आणि ती यकृतात येऊन पडते. पोटाचा घेर आणि यकृत यांचं नातं हे असं आहे.

'पण मी तर जाड नाही,' असं मी डॉक्टरांना म्हटलं. याचं उत्तर पुण्यात सापडलेलं आहे, आणि ते मराठी वाचकांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं छायाचित्र छापलं. दोघं शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. कागदावर दोघंही सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एकाच बीएमआयच्या दोन माणसांत, आपल्या माणसाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. स्नायू कमी, मेद जास्त, आणि तोही पोटात.

याज्ञिकांच्या चमूनं याची मुळं आणखी मागे जाऊन शोधली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मतः वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगावरची चरबी वजनाच्या मानानं फारशी कमी झालेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि इतर अवयव. म्हणजे बारीक दिसणाऱ्या शरीरात मेदाचा वाटा जास्त, ही गोष्ट आपल्याकडे जन्मापासून सुरू होते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कमरेच्या घेराची मर्यादा बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर. माझा बीएमआय २५ च्या वर होता आणि कंबर ८८ सेंटिमीटर. साडी नेसणाऱ्या बाईला ही कंबर कधी कळत नाही, कारण साडी कुठल्याही मापाला बसते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी बोलली जाते. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे मेद मांड्या आणि नितंबांवर साठतो. पाळी गेली की तो पोटाकडे सरकतो आणि फॅटी लिव्हरचा धोका वाढतो. चाळिशी-पन्नाशीत 'खाणं तेवढंच आहे, तरी पोट सुटलं' म्हणणाऱ्या बायका खरं तेच सांगत असतात.

रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो व्रणाचा. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती आहे तेवढंच सांगते. खरा धोका चरबीनं यकृताला सूज येऊन पुढे तिथे व्रण, म्हणजे फायब्रोसिस, तयार होण्यात आहे. हे व्रण वाढत गेले की सिरॉसिस. ग्रेड वन असूनही व्रण असू शकतात आणि ग्रेड थ्री असूनही नसू शकतात. व्रणाचा प्राथमिक अंदाज घ्यायला महागडी तपासणी लागत नाही. आमच्या डॉक्टरांनी साध्या रक्ततपासणीवरून तो काढायला शिकवला. त्याला 'फिब-फोर' म्हणतात. त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे लागतात. वय गुणिले एसजीओटी हे अंशस्थानी. प्लेटलेटचा आकडा हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, हे छेदस्थानी. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी मोबाईलवर आकडे घातले. माझं वय ५२, एसजीओटी ३८, गुणाकार १९७६. प्लेटलेट २ लाख ४० हजार म्हणजे २४०, एसजीपीटी ५६, त्याचं वर्गमूळ ७.४८, गुणाकार १७९५. भागाकार आला १.१. हे उत्तर १.३ च्या आत असलं तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर यकृताच्या तज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधल्या आकड्याला फायब्रोस्कॅनसारखी तपासणी लागते. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. हा अंदाज आहे, निदान नव्हे. मधुमेह असेल तर डॉक्टर याच्या पुढेही तपासतात. तरी ते १.१ पाहून आमच्या घरात त्या रात्री सगळ्यांना शांत झोप लागली.

मी तरीही फायब्रोस्कॅन करून घेतला. उजव्या बरगड्यांवर सोंगटीसारखं यंत्र टेकवून यकृताचा ताठरपणा मोजतात, दुखत नाही. ताठरपणा ६.१, म्हणजे व्रण नाहीत. चरबीचा आकडा २९६, म्हणजे भरपूर.

आता उपाय. 'वजनाच्या सात ते दहा टक्के कमी करा,' एवढंच डॉक्टर म्हणाले. माझ्यासाठी सात टक्के म्हणजे सव्वाचार किलो, दहा टक्के म्हणजे सहा किलो. या आकड्यामागे भक्कम पुरावा आहे. क्युबातल्या हवानामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर कमी उष्मांकाचा आहार आणि चालण्याचा व्यायाम दिला आणि आधी-नंतर यकृताचा तुकडा काढून तपासला. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ९० टक्के जणांच्या यकृताची सूज गेली आणि ४५ टक्के जणांचे व्रणही मागे हटले. एकदा पडलेला व्रण मागे हटतो, हे वाचून मी खूप वेळ त्या कागदाकडे पाहत बसले होते. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी: पाच टक्के तरी वजन उतरवणारे सगळे मिळून तीस टक्केच निघाले. उपाय साधा आहे, पण सोपा नाही. आणि तो एकट्या बाईनं वेगळी भांडी मांडून, वेगळं 'पेशंटचं जेवण' शिजवून टिकत नाही. घराचंच जेवण बदलावं लागतं.

सुरुवात चहापासून केली. उठल्यावर एक, शाळेला निघताना एक, मधल्या सुट्टीत एक, घरी परतल्यावर एक. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमच्याचे पाच ग्रॅम धरले तर दिवसाला ४० ग्रॅम झाली, एकाही गोड पदार्थाला हात न लावता. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगते. मी साखर पायरीपायरीनं उतरवली. दोन चमच्यांचा दीड, दीडाचा एक, मग अर्धा. जीभ महिन्या-दीड महिन्यात वळते. आता दोन कप बिनसाखरेचा घेते आणि दुधाची चव कळते. सोबतची खारी आणि बिस्किटं आपोआप गेली, कारण ती गोड चहातच बुडवायची सवय होती. गुळाच्या चहाच्या पाट्या आता प्रत्येक चौकात आहेत. गुळात साखरेहून थोडे क्षार जास्त असतील, पण यकृताच्या दृष्टीनं गूळही साखरच आणि मधही. फळ खावं, त्याचा रस पिऊ नये. आंब्याच्या दिवसांत मी आंब्याच्या फोडी मोजून खाते; वाटीभर आमरस पोळीशी, हे मात्र सोडलं.

मग ताट. आपल्या जुन्या ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, उसळ, आमटी; मध्ये भाताची मूद, मग पोळी. मांडणी अतिशय शहाणी आहे, पण रोजच्या जेवणात तिची मापं बिघडलेली होती. कोशिंबीर बोटाला लागेल इतकी, भाजी बहुतेक वेळा बटाट्याची, वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा, आणि मध्ये तीन पोळ्या व वर दोनदा घेतलेला भात. आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात दिसलं की भारतीयांच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतूनच येतात. माझ्या ताटात ते प्रमाण याहून जास्तच असणार.

आम्ही ताट तेच ठेवलं, मापं बदलली. कोशिंबीर वाटीभर: काकडी, मुळा, टोमॅटो, गाजर, जे मंडईत असेल ते. भाजी दोन वाट्या, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, दोडका, दुधी. बटाटा भाजीत नाही, तो पोळीच्या खात्यात मोजायचा. उसळ रोज एक वाटी घट्ट: मटकी, हुलगा, चवळी, आणि आमच्या जिल्ह्याचा, कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अंडं आमच्याकडे चालत नाही, म्हणून ताक, दही, पनीर, कधी सोयाबीन. ज्यांना चालतं त्यांनी अंडी-मासे जरूर घ्यावेत. प्रथिनं कमी पडली तर वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी. तीन पोळ्यांच्या जागी एक ज्वारीची भाकरी किंवा दोन फुलके. भात बंद केला नाही. भाताशिवाय जेवण झाल्यासारखं न वाटणारी मी बाई आहे. फक्त मूद खरोखर मुदीएवढी केली. आणि जेवायला सुरुवात कोशिंबीर-भाजीनं, भाकरी नंतर.

एक सांगते, ज्वारी-नाचणी म्हणजे औषध नव्हे. 'आता भाकरीच खाते' म्हणत दोन्ही वेळा तीन-तीन भाकऱ्या खाणाऱ्यांचं वजन उतरत नाही. भाकरीनं पोट लवकर भरतं आणि ती एकीवर थांबू देते, हा तिचा गुण.

तेलाचं गणित महिन्याच्या किराण्यावर कळतं. चार माणसांत आम्हांला पाच लिटर लागायचं, म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर. ते तीन लिटरवर आणलं. तळण महिन्यातून एकदा, आणि फोडणीला बुधलीतून ओतणं बंद करून चमचा ठेवला.

अवघड गेला उपास. गुरुवार आणि एकादशी आमच्या घरात पिढ्यानपिढ्या आहेत आणि ते मोडायचे नाहीत, यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वरून दाण्याचं कूट, तूप, बटाटा. उपासाच्या दिवशी मी एरवीपेक्षा जास्त खात होते. आता राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडीची कोशिंबीर आणि ताक. उपास तसाच आहे आणि अंगही हलकं राहतं.

आणि उरलंसुरलं. हे बाहेरच्या कुणाला दिसत नाही, पण बायकांच्या पोटाचं मोठं कारण तेच आहे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभं राहून पातेल्यातला तळचा भात, मुलीनं ठेवलेली अर्धी पोळी, कढईला चिकटलेली भाजी. पहिल्यांदा मी अर्धी पोळी डब्यात टाकून झाकण लावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढीशी तर आहे, खाऊन टाक की. अन्न ठेवायचं कशाला?" मी म्हटलं, "आई, पोटात टाकली तरी ती वायाच जाणार आहे, वर लिव्हरवर बसणार आहे." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मूठभर पीठ त्यांनीच डब्यात परत टाकलं. तेव्हापासून आमच्याकडे मोजून शिजतं. त्यांच्या त्या मूठभर पिठाचा मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला.

व्यायामाला आम्हां सातारकरांना अजिंक्यतारा आहे. पहाटे गडाच्या रस्त्याला शहरातली निम्मी माणसं भेटतात. सुरुवातीला पहिल्या वळणावर धाप लागायची, आता दरवाजापर्यंत बोलत जाता येतं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं पुरतं, आणि वजन फारसं उतरलं नाही तरी व्यायामानं यकृतातली चरबी कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. त्याच्या जोडीला स्नायूंचं काम हवं. ओट्याला धरून उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. जेवणातली साखर शोषून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे स्नायू. ते वाढले तर यकृतावरचा भार उतरतो.

पहिले दोन किलो लवकर गेले. मग काटा एकोणसाठवर अडकला आणि कितीतरी आठवडे हललाच नाही. या टप्प्यावर माणसं उपाशी राहायला लागतात किंवा कुठल्या तरी पावडरीच्या मागे लागतात. तसं करू नका. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताचे खडे होतात आणि यकृताची सूज वाढूही शकते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, एवढीच गती चांगली. अडकलेल्या काळातही माझी कंबर कमी होत होती, ते टेपनं कळलं, काट्यानं नाही.

सल्ले देणारे खूप भेटले. कुणी लिव्हर टॉनिक आणून दिलं, कुणी गुळवेलीचा काढा रोज घ्यायला सांगितला. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केलेली आहे. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. यकृत आधीच आजारी असताना त्याच्यावर अशी आणखी एक परीक्षा कशाला घ्यायची? यकृत 'साफ' करणारी कुठलीही पावडर नाही. दारू पिणाऱ्यांनी ती पूर्ण बंद करावी, हे वेगळं सांगायला नको. नवी औषधं आली आहेत, २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, पण ती व्रण पडलेल्या रुग्णांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. आणि आहार-व्यायाम त्यांच्याबरोबरही करावाच लागतो.

वर्षभरानं काटा ५५ वर आला. हळदीकुंकवाला बायका हळूच विचारत, "काय गं, किती वाळलीस! बरं नाही का?" माझी कंबर ८० वर होती. एसजीपीटी ५६ वरून २४, फायब्रोस्कॅनवर चरबीचा आकडा २९६ वरून २३१. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये यकृतापुढे 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. रक्तातली साखर सीमारेषेवर होती, तीही खाली आली, आणि ते यकृताइतकंच मोलाचं आहे, कारण फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचा सर्वांत जास्त बळी हृदयविकार घेतो. दिवाळीत फराळ केला, कंदी पेढाही खाल्ला, वजन थोडं वर गेलं, पुन्हा मुदीवर आले. हे असंच चालायचं. जुन्या मापांवर परत गेलं तर चरबी परत येते.

मला खरी काळजी वर्गातल्या मुलांची वाटते. आठवी-नववीतल्या काही मुलांच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, जाडसर पट्टा दिसतो. आया तो घासून काढायचा प्रयत्न करतात. तो मळ नसतो. इन्सुलिनचं शरीर ऐकेनासं झाल्याची ती खूण असू शकते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र केले तेव्हा प्रौढांत ३८.६ टक्के आणि मुलांत ३५.४ टक्के जणांना फॅटी लिव्हर असल्याचा अंदाज निघाला. डब्यातली चिप्सची पुडी आणि शाळेबाहेरचं थंड पेय हे त्या आकड्याचे धनी आहेत. अशी मान दिसली तर मुलाला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तिशीवरच्या माणसांचा फॉर्म भरताना आशाताई टेपनं कंबर मोजतात ती याच कार्यक्रमात. त्या दारात आल्या की आपण ह्यांना पुढे करतो, सासऱ्यांना पुढे करतो आणि स्वतः चहा टाकायला आत जातो. तसं जाऊ नका. टेप आपल्याही कमरेभोवती फिरू द्या, आणि घेर ८० च्या वर निघाला तर एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि साखर एवढ्या चार तपासण्या याच महिन्यात करून घ्या.